नार्कोलेप्सी आणि अंगातलं ओपिऑइड: डायनॉर्फिन कमी पडतं म्हणून ट्रामाडॉल द्यायचं का?

उपकेंद्र_सीएचओ

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावरून विचारते आहे. १९ वर्षांचा मुलगा, वावरात काम करतो. दीड वर्षापासून दिवसा झोप आवरत नाही. जेवताना, बंडीवर बसल्या बसल्या, पऱ्हाटीत कापूस वेचताना उभ्यानंच डुलकी लागते. १०-१५ मिनिटं झोपला की टवटवीत होतो, दोन तासांत पुन्हा तेच. जोरात हसला की गुडघे मोडतात, जबडा सुटतो, मान पुढे पडते. अर्ध्या मिनिटात उठून बसतो, आणि तेवढ्या वेळात कोण काय बोललं ते सगळं सांगतो. पहाटे छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, हात हलत नाही. मिरगी समजून आठ महिने फेनिटॉइन चालू होतं, काडीचा फरक नाही.

आता खरी अडचण. मला ही नार्कोलेप्सी वाटते, म्हणजे मेंदूला जागेपण टिकवता न येण्याचा आजार. कोणीतरी घरच्यांना सांगितलं की या आजारात मेंदूतलं "नैसर्गिक अफू" संपतं, म्हणून बाहेरून द्यायचं. तीन आठवड्यांपासून ट्रामाडॉल (अफूच्या जातीची, म्हणजे ओपिऑइड, दुखण्याची गोळी) ५० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालू आहे, चिठ्ठीशिवाय आणलेलं. घरचे म्हणतात, हसल्यावर पडणं खरंच कमी झालं, दिवसाची झोप मात्र तशीच.

मी वाचलं त्यात दोन गोष्टी होत्या: हायपोक्रेटिनच्या (मेंदूला जागं ठेवणारं रसायन) पेशी डायनॉर्फिनही (अंगातलंच एक ओपिऑइड) बनवतात, आणि हेरॉइन घेणाऱ्यांच्या मेंदूत या पेशी जास्त सापडल्या. मग गावात जे बोलतात त्यात तथ्य आहे का? फरक पडला तो काहून पडला? नुसतं "बंद करा" म्हटलं तर घरचे ऐकणार नाहीत, कारण नीट समजावून सांगावं लागेल.

मेंदू_आणि_मज्जा

ताई, आधी एक तपासणी सांगतो, ती उपकेंद्रावरही होते. गुडघे मोडून पडलेला असताना गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारा. कॅटाप्लेक्सीत, म्हणजे शुद्धीवर असतानाच हसण्यासारख्या भावनेनं स्नायू सैल पडतात त्यात, त्या वेळी रिफ्लेक्स (हातोडीनं पाय उडणं) येत नाही, दोन मिनिटांनी परत येतो. शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, चेहरा आणि गुडघे दोन्ही दिसतील असा. शुद्ध शाबूत, सुरुवात हसण्यानं आणि रिफ्लेक्स गायब, हे तिन्ही एकत्र आले की मिरगीचा विचार मागे पडतो. फेनिटॉइनचा उपयोग झाला नाही तो यामुळेच असावा. तरी ते एका दिवसात बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानं उतरवा.

आता पेशींचं. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात हायपोक्रेटिनच्या साधारण ७० हजार पेशी असतात, सगळ्या मेंदूत एवढ्याच. १९९८ मध्ये दोन गटांनी हे रसायन वेगवेगळं शोधलं, म्हणून त्याची नावं दोन: हायपोक्रेटिन आणि ओरेक्सिन. २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा या पेशी ८५ ते ९५ टक्के कमी दिसल्या. त्यांच्यातच मिसळून असलेल्या एमसीएच नावाच्या पेशी मात्र जशाच्या तशा होत्या. म्हणजे नुकसान निवडून झालेलं आहे.

डायनॉर्फिन इथे येतं. २००१ मध्ये उंदरांत दिसलं की हायपोक्रेटिनच्या जवळपास सगळ्याच, ९४ टक्के पेशी डायनॉर्फिनही बनवतात. पुढे हेही दिसलं की दोन्ही रसायनं एकाच पुडीत भरलेली असतात आणि सोबतच बाहेर पडतात. कामं मात्र उलटी. हायपोक्रेटिन समोरच्या पेशीला चेतवतं. डायनॉर्फिन कप्पा नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरवर (पेशीवरची, रसायन बसायची जागा) बसून तिला शांत करतं: पोटॅशियमची दारं उघडतात, कॅल्शियमची मिटतात.

चेतवणारं आणि शांत करणारं एकाच पुडीत कशाला, हा प्रश्न येतोच. ओलिताचा माणूस काय करतो ते पाहा. एका दांडाचं तोंड फोडतो आणि दुसऱ्याचं मातीनं बुजवतो, तेव्हा पाणी पाहिजे त्या वाफ्यात जातं. नुसतं फोडून भागत नाही. हायपोक्रेटिन जागं ठेवणाऱ्या पेशींना थेट चेतवतं, त्यात हिस्टामिनच्या पेशी मुख्य. त्याच वेळी डायनॉर्फिन त्या हिस्टामिन पेशींवर येणारा दाबणारा संदेश कमी करतं, आणि झोप आणणाऱ्या व्हीएलपीओ भागातल्या पेशींनाही गप्प करतं. रसायनं उलटी, पण परिणाम एकाच बाजूला: माणूस जागा राहतो. शिवाय डायनॉर्फिन त्याच हायपोक्रेटिन पेशींना लगामही घालतं. हा लगाम वारंवार ओढला की सैल पडतो, हायपोक्रेटिनचा जोर टिकून राहतो.

तर नार्कोलेप्सी टाइप १ मध्ये, म्हणजे हायपोक्रेटिन गेल्यानं होणाऱ्या प्रकारात, डायनॉर्फिनही जातं हे खरं. पण फक्त त्या जागेतलं. मेंदूत इतर ठिकाणी डायनॉर्फिन बनवणाऱ्या पेशी शाबूत असतात. "नैसर्गिक अफू संपतं" म्हणताना लोकांच्या डोक्यात एंडॉर्फिन असतं. ते आर्क्युएट न्यूक्लियसच्या वेगळ्या पेशींत बनतं आणि मुख्यतः म्यू नावाच्या दुसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरवर बसतं. अफू, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल ही सगळी त्याच म्यू रिसेप्टरची मंडळी. ज्या कुलपाची किल्ली हरवली ते कप्पाचं, आणि घरचे म्यूची किल्ली फिरवून राहिले.

हेरॉइनवाला अभ्यास खरा आहे, २०१८ चा, कॅलिफोर्नियातल्या त्याच गटाचा ज्यांनी २००० मध्ये पेशी मोजल्या होत्या. पाच व्यसनी लोकांच्या मेंदूंत हायपोक्रेटिनच्या पेशी सरासरी ५४ टक्के जास्त दिसल्या, आणि प्रत्येक पेशी आकारानं साधारण २२ टक्के लहान. नवीन पेशी जन्मल्या असा याचा अर्थ नाही. ज्या पेशी आधी एवढं थोडं हायपोक्रेटिन बनवत होत्या की रंगात दिसतच नव्हत्या, त्या आता मोजण्याइतकं बनवू लागल्या. याच अभ्यासात पेशी कमी केलेल्या उंदरांना रोज मॉर्फिन दिल्यावर दिसणाऱ्या पेशींची संख्या वाढली आणि कॅटाप्लेक्सी घटली. पण उंदरांना दिलेलं मॉर्फिन वजनाच्या हिशेबानं माणसाच्या दुखण्याच्या डोसाच्या कितीतरी पट होतं. माणसात हे करून पाहणं म्हणजे व्यसन लावणंच.

उलटी बाजूही लक्षात ठेवा: म्यूचं औषध पोटात गेल्या गेल्या या पेशींना चेतवत नाही, दाबतं. २००८ मध्ये हे पेशींवर थेट मोजलेलं आहे. त्यामुळे दिवसाची झोप तशीच राहिली यात मला नवल वाटत नाही.

औषधशास्त्र_वर्धा

सरांचं बरोबर. मी फक्त "मग पडणं कमी काहून झालं" याचं सांगतो, कारण घरच्यांना पटवायची चावी तिथेच आहे.

ट्रामाडॉल हे दुहेरी औषध आहे. त्याचा एक भाग यकृतात सीवायपी२डी६ एन्झाइममुळे बदलतो आणि मग म्यूवर बसतो. दुसरा भाग सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन पेशीत परत खेचले जाण्यापासून रोखतो. हा दुसरा भाग म्हणजेच व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्या औषधाचं काम, आणि व्हेनलाफॅक्सिन कॅटाप्लेक्सीवर वर्षानुवर्षं वापरात आहे. ही दोन रसायनं वाढली की स्वप्नांची आरईएम झोप दबते. कॅटाप्लेक्सी म्हणजे त्याच आरईएमची स्नायू सैल करणारी कळ जागेपणी दबणं. ती कळ अडली की पडणं कमी. म्हणून त्या मुलाला जो गुण आला तो ओपिऑइड बाजूचा नसून नैराश्याच्या औषधासारख्या बाजूचा असणार. तेवढाच गुण नशा न लावणाऱ्या गोळीतून मिळतो, हे घरच्यांना असंच सांगा.

कोडीनबद्दल. १९८० च्या दशकात नार्कोलेप्सीत कोडीन देऊन पाहिलेलं आहे. रुग्ण म्हणाले बरं वाटतं, पण यंत्रावर झोपेची मोजणी सुधारली नाही. आपल्याकडे धोका आणखी एक आहे. कोडीनच्या खोकल्याच्या औषधात क्लोरफेनिरामिन मिसळलेलं असू शकतं, आणि ते हिस्टामिन बंद करतं. नार्कोलेप्सीत हायपोक्रेटिन गेल्यावर जागं ठेवायला जे थोडं उरतं त्यात हिस्टामिन आहे. त्याच्यावरच घाव घालायचा म्हणजे झोप वाढवायची.

आता हातातलं काम:

ट्रामाडॉल एकदम थांबवू नका. दोन गोष्टी उलटतात: ओपिऑइड सुटल्याचा त्रास, म्हणजे जुलाब, घाम, अंगदुखी, अस्वस्थता, आणि आरईएम दाबणारी बाजू सुटल्यानं कॅटाप्लेक्सी उसळते. काही जणांना अशा वेळी तासन्‌तास एकामागून एक झटके येतात. तीन आठवडे, दिवसाला १०० मिग्रॅ एवढ्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीत आधी एक गोळी कमी करून चार-पाच दिवस थांबायचं, मग दुसरी बंद करायची, हा साधारण मार्ग. त्या आठवड्यात मुलाला विहिरीकडे, ट्रॅक्टरवर जाऊ देऊ नका.

ट्रामाडॉल चालू असताना व्हेनलाफॅक्सिन, फ्लुऑक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम ही नैराश्याची औषधं सुरू करू नका. सेरोटोनिन वाढून हातपाय थरथरणं, ताप, घाम, पाय कडक होणं, बडबड असं होऊ शकतं. दुसरं, ट्रामाडॉलनं स्वतःच फिट येऊ शकते, आणि व्हेनलाफॅक्सिनसोबत तो धोका वाढतो. फिट आली की पुन्हा सगळे म्हणणार "पाहा, मिरगीच होती".

दुकानदाराला सांगायचं असेल तर एवढं पुरे: ट्रामाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची यादी) आहे आणि २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलेलं आहे.

उपकेंद्र_सीएचओ

खूप आभारी आहे. दोन्ही उत्तरं छापून ठेवते. अजून एक मनात येतं: डायनॉर्फिनच कमी आहे तर कप्पावर काम करणारंच औषध दिलं तर? पेंटाझोसिनचं (दुखण्याचं) इंजेक्शन तर ग्रामीण रुग्णालयात असते.

औषधशास्त्र_वर्धा

चांगला प्रश्न, पण देऊ नका. पेंटाझोसिन कप्पावर बसतं हे खरं. पण कप्पा रिसेप्टर सगळ्या मेंदूत आहेत, झोपेच्या पेशींवर आहेत तसे जागेपणाच्या पेशींवरही. खरं डायनॉर्फिन एका पेशीच्या टोकातून नेमक्या जागी, नेमक्या क्षणी आणि हायपोक्रेटिनसोबत पडतं. इंजेक्शननं सगळ्या दांडांची तोंडं एकदम बुजतात, कोणत्याच वाफ्यात पाणी राहत नाही. कप्पाचा ठरलेला त्रास म्हणजे उदासी, घाबरं होणं आणि भास. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला झोपेत जाताना भास आधीच होतात. त्यात ही भर नको.

डायनॉर्फिन किंवा हायपोक्रेटिन तसंच टोचून उपयोग नाही. दोन्ही पेप्टाइड आहेत, रक्तातून मेंदूत पुरेसं पोहोचत नाहीत. म्हणून औषध कंपन्यांनी हायपोक्रेटिनच्या दुसऱ्या रिसेप्टरवर बसणाऱ्या लहान रेणूच्या गोळ्या बनवायला घेतल्या. टीएके-९९४ मध्ये यकृताचा त्रास दिसल्यानं २०२१ मध्ये चाचणी थांबवली. पुढचं औषध ओव्हेपोरेक्सटॉन, त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: जागं राहण्याचा वेळ वाढला, कॅटाप्लेक्सी घटली. यात डायनॉर्फिन भरून काढलेलं नाही, फक्त हायपोक्रेटिनची बाजू उचलली. मला यातून असं वाटतं की डायनॉर्फिन जाण्याचा वाटा आहे, पण मुख्य वाटा नाही.

पळसबन

सरांच्या उत्तरात एक भर. पेशी "मेल्या" की "गप्प झाल्या" यावर अजून वाद आहे, आणि मॉर्फिनच्या गोष्टीचा जीव त्यातच आहे. २००५ मध्ये असं दिसलं होतं की त्या जागी हायपोक्रेटिन, डायनॉर्फिन आणि नार्प नावाचं प्रथिन तिन्ही सोबतच नाहीसे होतात. तिन्ही खुणा एकदम गेल्या म्हणजे पेशीच गेली, असा अर्थ तेव्हा घेतला. २०२३ मध्ये एका गटानं मांडलं की पेशी असू शकतात, पण हायपोक्रेटिनच्या जनुकाचा खटका मिथाइलेशननं (जनुकावर बसणाऱ्या रासायनिक खुणेनं) बंद पडलेला असतो. पहिलं खरं असेल तर मॉर्फिनला जागं करायला पेशीच नाहीत, उरलेल्या ५-१५ टक्क्यांवर काय ते. दुसरं खरं असेल तर तो खटका उघडणारं औषध शोधता येईल, आणि ते अफूचं असण्याची गरज नाही. दोन्हीकडून ट्रामाडॉलला आधार मिळत नाही.

आणि हायपोक्रेटिन नसलेल्या उंदरांना मॉर्फिन सुटल्याचा त्रास कमी होतो, हे २००३ पासून माहीत आहे. त्यावरून "या रुग्णांना व्यसन लागतच नाही" असं कोणी सांगितलं तर मानू नका. श्वास मंदावणं सगळ्यांत होतं.

झोपशाळा_तंत्रज्ञ

निदानाचं कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

पाहिजे ती चाचणी म्हणजे रात्रीची पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभर झोपेची यंत्रावर नोंद) आणि लगेच दुसऱ्या दिवशी एमएसएलटी (दिवसाच्या डुलक्यांची चाचणी). नागपूर, वर्धा भागातल्या मोठ्या रुग्णालयात फोन करून नेमकं असंच विचारा: "रात्रीनंतर दिवसाची एमएसएलटीही करता का?" बऱ्याच ठिकाणी फक्त घोरण्याची, श्वासाची रात्रीची चाचणी होते. ती करून परत आलात तर पैसे आणि दिवस दोन्ही गेले.

एमएसएलटीत सकाळी उठल्यानंतर दीड ते तीन तासांनी पहिली डुलकी. मग दर दोन तासांनी एक, अशा पाच. प्रत्येक वेळी अंधाऱ्या खोलीत २० मिनिटं झोपायची संधी. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली, आणि कमीत कमी दोनदा झोप लागल्यापासून १५ मिनिटांच्या आत आरईएम आली, तर नार्कोलेप्सीच्या बाजूनं निकाल. आदल्या रात्रीची लवकर आलेली आरईएम या दोनांत धरतात.

आपल्या भागात ही चाचणी का बिघडते ते ऐका. थ्री फेजची लाईन आठवड्याआड रात्री येते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला पोरगं रात्री दोनला मोटरवर. तूर उभी असली की रानडुकरांसाठी मचाणावर जागल. असा माणूस एमएसएलटीत चार मिनिटांत झोपतो, आरईएमही लवकर येते, आणि आजार नसताना कागदावर आजार दिसतो. म्हणून चाचणीच्या आधी सलग १४ दिवस रोज रात्री किमान सात तास झोप, आणि रोजची नोंद: किती वाजता आडवा झाला, कधी उठला, दिवसा किती डुलक्या. नोंद साध्या वहीत चालते, फक्त रोजच्या रोज लिहिलेली पाहिजे. त्या दोन आठवड्यांचं ओलित दुसऱ्या कोणाकडे द्या.

ट्रामाडॉल चालू असताना चाचणी करू नका. ते आरईएम दाबतं, खरा आजार असूनही चाचणी "ठीक" येईल. किमान दोन आठवडे आधी बंद असलं पाहिजे, व्हेनलाफॅक्सिनलाही तेवढेच. फ्लुऑक्सेटिनला पाच-सहा आठवडे, ते अंगातून हळू निघतं. चाचणीच्या सकाळी लघवीत औषधांची तपासणी होते, तेव्हा लपवून फायदा नाही. चहा त्या दिवशी नाही. खर्रा खाणारा असेल तर आधीच सांगा: प्रत्येक डुलकीच्या अर्धा तास आधीपासून तोंडात तंबाखू चालत नाही, आणि आदल्याच दिवशी एकदम सोडला तर रात्रीची झोप बिघडते.

एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ ची (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची) रक्ततपासणी कोणी सुचवली तर घाई करू नका. टाइप १ च्या बहुतेक रुग्णांत ती येते, पण धडधाकट लोकांतही पुष्कळ जणांत येते. पाठीच्या पाण्यातलं हायपोक्रेटिन ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आलं तर मात्र निदान पक्कं, फक्त ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते.

उपकेंद्र_सीएचओ

चाचणीची तारीख मिळेपर्यंत काय करायचं? आणि आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेतात, तेही दिवसा पेंगतात. त्यांचं काय?

मेंदू_आणि_मज्जा

सिकलसेलचं वेगळं ठेवा. ओपिऑइडमुळे दिवसा पेंगणं हा औषधाचा परिणाम, रात्री श्वास अडखळणं हेही कारण असू शकतं, त्याला नार्कोलेप्सी म्हणत नाहीत. त्यांचं दुखणं खरं आहे, त्यांची गोळी या धाग्याच्या आधारानं कोणी काढू नये.

या मुलाचं: औषधाआधी वेळापत्रक. दुपारी १२:३० आणि ४ च्या सुमारास १५-२० मिनिटांची ठरवून झोप, गजर लावून. वावरात बाज आणि सावली पाहिजे; मे महिन्यात ४५ अंशांत उन्हात पडला तर उष्माघात होईल. दुपारी भाताचं गच्च जेवण टाळा, त्यानं पेंग वाढते.

विहिरीच्या काठावर एकटं उभं राहायचं नाही, तलावात-नदीत उतरायचं नाही. कडबा कुट्टी, मळणीयंत्र, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप सध्या बंद. बंडी हाकायचीच असेल तर सोबत कोणी पाहिजे. मित्रांना सांगून ठेवा की हसून पडला तर तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका, फक्त डोकं आपटू देऊ नका आणि मान सरळ ठेवा म्हणजे श्वास मोकळा राहील.

निदान पक्कं झाल्यावर डॉक्टर बहुधा मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) सकाळी १०० मिग्रॅनं सुरू करतील, मग २०० आणि गरजेप्रमाणे ४०० पर्यंत. दुसरा डोस दुपारी १२ च्या आत, नाही तर रात्रीची झोप जाते. सुरुवातीला डोकं दुखतं, पाणी जास्त प्यायला सांगा. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना. कोणी मुलगी रुग्ण असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा या औषधात राहत नाही, घेताना आणि बंद केल्यावर एक महिना दुसरा उपाय पाहिजे. पडण्यासाठी व्हेनलाफॅक्सिन सहसा ३७.५ मिग्रॅनं सुरू होतं. तेही एकदम सोडायचं नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढची चिठ्ठी हातात पाहिजे, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तालुक्याला जाणं होत नाही.

व्हिडिओ आणि १४ दिवसांची वही, दोन्ही न्यूरॉलॉजिस्टकडे सोबत पाठवा. ट्रामाडॉल किती दिवस, किती घेतलं, शेवटची गोळी कोणत्या तारखेला, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहा.